अडीच गुंठ्यांचा हक्क

इंग्लंडमध्ये शहर संपता संपता रेल्वेच्या रुळांलगत, कालव्याच्या काठाने किंवा घरांच्या रांगांमागे भाजीपाल्याचे लहान लहान तुकडे दिसतात. प्रत्येक तुकड्यावर एक लाकडी खोपट, पावसाचे पाणी साठवायचे पिंप, खताचा ढीग आणि बहुधा एखादी मोडकी खुर्ची. नगरपालिकेने किंवा गावच्या पॅरिश कौन्सिलने वार्षिक भाड्याने दिलेल्या या जमिनीला अलॉटमेंट म्हणतात. तिचे माप आजही रॉड या जुन्या एककात सांगतात. पूर्ण तुकडा दहा रॉडांचा, म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. आपल्याकडच्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. निवृत्त माणसाचा विरंगुळा अशी या जागेची आजची ओळख असली, तरी तिचा उगम भुकेत आणि जमिनीच्या भांडणात आहे.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या बऱ्याच गावांत सामाईक जमीन होती. कागदोपत्री ती जमीनदाराची असली तरी तिच्यावर गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क होते. भूमिहीन मजुरालाही तिथे गाय चारता येई, सरपण आणता येई. कापणी झाल्यावर शेतातला सरवा वेचण्याची रीत होती. मजुरी अपुरी पडली तर हाच दुसरा आधार. पुढे शेतीसुधारणेच्या नावाखाली ही जमीन कुंपणे घालून खासगी करण्यात आली. १७५० नंतरच्या शंभर वर्षांत संसदेने त्यासाठी सुमारे चार हजार कायदे केले. ज्याच्याजवळ हक्काचा कागद होता त्याला मोबदल्यात काही जमीन मिळाली. ज्याचा हक्क नुसत्या वहिवाटीचा, त्याच्या हाती काही लागले नाही. कुंपणांचा कैवार घेणारा शेतीविषयक लेखक आर्थर यंग यानेही १८०१ मध्ये कबूल केले की यातल्या बहुतेक कायद्यांनी गरिबांचे नुकसानच केले.

जमीन कुणाची, हा प्रश्न त्याच्याही आधी एकदा थेट पेरणी करूनच विचारला गेला होता. १ एप्रिल १६४९ रोजी, राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन दोनच महिने झाले असताना, जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे मूठभर साथीदार सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिलवरची पडीक सामाईक जमीन खणू लागले. त्यांनी पार्सनिप, गाजर आणि शेंगा पेरल्या. भूमी सर्वांची आहे, तेव्हा गरिबाने ती कसावी, एवढेच त्यांचे म्हणणे. आसपासच्या जमीनमालकांनी पिके तुडवून आणि खटले भरून काही महिन्यांतच त्यांना हुसकावले. ‘डिगर्स’ म्हणजे खणणारे, या नावाने हे लोक इतिहासात राहिले. अलॉटमेंटच्या चाहत्यांना त्यांच्याशी नाते सांगायला आवडते, पण प्रत्यक्षातली अलॉटमेंट बंडखोरांनी नव्हे, बंडाला भिणाऱ्यांनी दिली.

विल्टशरमधल्या ग्रेट सॉमरफर्ड गावाला १८०९ मध्ये कुंपणे पडताना तिथले पाद्री स्टीफन डेमेनब्रे यांनी गरिबांसाठी काही जमीन राखून ठेवायला लावली. ती अजून लागवडीखाली आहे आणि देशातली सर्वांत जुनी अलॉटमेंट म्हणून ओळखली जाते. अशी उदाहरणे तेव्हा तुरळकच होती. चित्र पालटले ते १८३० मध्ये. त्या वर्षी दक्षिण इंग्लंडच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंज्या पेटवल्या आणि ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या सहीने मालकांना धमकीची पत्रे धाडली. जमीनदार हादरले. मजुराला जमिनीचा तुकडा दिला तर तो दारूच्या गुत्त्याकडे आणि दंग्याकडे वळणार नाही, शिवाय गरिबांना पोसण्यासाठी द्यावा लागणारा करही कमी होईल, असा हिशेब मांडला जाऊ लागला. त्याच सुमारास निघालेल्या ‘लेबरर्स फ्रेंड सोसायटी’ने त्याचा जोरात प्रचार केला.

मेख होती ती आकारात. तुकडा इतकाच मोठा असावा की मजूर आणि त्याची बायकापोरे दिवसभराच्या मजुरीनंतर तो खणू शकतील. इतका मोठा नसावा की त्याला मजुरीची गरजच उरू नये. पाव एकर, म्हणजे दहा गुंठे, ही मर्यादा यातूनच रूढ झाली. नांगर चालवायला अनेक ठिकाणी बंदी होती, खणायचे ते फावड्यानेच. रविवारी काम करायचे नाही, चर्चला जायचे, गुन्हा केला तर जमीन परत, अशा अटी करारात असत. भाडे बहुधा शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या एकरी दरापेक्षा चढे असे, आणि तरीही मजूर ते वेळेवर भरत. या उपकाराचा मालकांना तोटा झाला नाही. काही शेतकऱ्यांचा मात्र विरोध होता: मजूर आपली ताकद स्वतःच्या बटाट्यांसाठी राखून ठेवील आणि आमच्याकडे पाट्या टाकील, ही त्यांची तक्रार.

१८४५ च्या सर्वसाधारण कुंपण कायद्याने नव्या कुंपणांत भूमिहीनांसाठी शेतबागा राखण्याची तरतूद केली. तरतूद कागदावर चांगली होती. १८६९ पर्यंत या कायद्याखाली सहा लाखांहून अधिक एकर जमिनीला कुंपणे पडली. त्यातली गरिबांच्या वाट्याला आली सुमारे २,२०० एकर. कायदा झाला त्याच वर्षी युरोपात बटाट्यावर करपा पसरला. अशा तुकड्यांवर साधारण अर्ध्या भागात बटाटा आणि उरलेल्यात गहू किंवा जव घेत असल्याने इंग्लंडच्या मजुरांचीही झोप उडाली. आयर्लंडमध्ये त्याच रोगाने दुष्काळ आणला.

बटाट्याला एवढे महत्त्व का, हे वसंतातल्या वेळापत्रकावरून कळते. इंग्लंडमध्ये मार्च ते मे हे महिने वाफ्यांवरच्या सर्वांत जास्त कष्टांचे आणि ताटातल्या सर्वांत कमी भाजीचे असतात. हिवाळ्यात तग धरून राहिलेली केल आणि कोबी एप्रिलमध्ये फुलोऱ्यावर जातात, लीक निबर होते, साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटतात, आणि नवे पीक हाती यायला जून उजाडतो. या उपासमारीच्या फटीत आधार देणारी पिके मोजकीच: जांभळी ब्रोकोली आणि रूबार्ब. रूबार्बवर फेब्रुवारीतच मातीचे उंच मडके किंवा बादली पालथी घालतात. अंधारात त्याचे देठ लवकर वाढतात आणि कोवळे, गुलाबी, कमी आंबट निघतात. पाने मात्र विषारी, ती खताच्या ढिगावर जातात.

बियाण्याचे बटाटे जानेवारी-फेब्रुवारीत अंड्यांच्या खोक्यांत डोळे वर करून उजेडात मांडतात. आखूड, जाडसर, हिरवट-जांभळे कोंब आले की लागवडीची वेळ झाली. परंपरेने हा दिवस गुड फ्रायडेचा. हा सण २० मार्च ते २३ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे हवामानाच्या दृष्टीने या मुहूर्ताला फारसा अर्थ नाही. पण मजुराला हक्काची सुट्टी मिळे ती त्याच दिवशी, आणि रविवारी खणायला बंदी. चर खणायचा, तळाशी शेणखत टाकायचे, फूट-सव्वा फुटाच्या अंतराने बटाटे ठेवून माती लोटायची. अंकुर वर आले की मातीची भर द्यायची, कारण मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दव गोठून सगळा कोवळा पाला काळा पडू शकतो. अनुभवी माणसे अशा संध्याकाळी ओळींवर जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवतात. कांद्याच्या बारक्या गाठी, पार्सनिप आणि मटार मार्च-एप्रिलमध्ये जमिनीत जातात. रनर बीन्सचे बी मात्र थंडीत कुजते, म्हणून त्यांच्यासाठी नुसता चर खणून आणि बांबूचे मांडव उभारून महिनाभर वाट पाहावी लागते. गूजबेरी आणि ब्लॅककरंटची झुडपे कडेला. त्यांची छाटणी हिवाळ्यातच उरकलेली असते.

खेड्यातली ही रीत शहरांत वेगळ्या वाटेने आली. नॉटिंगहॅमच्या सेंट अॅन्स भागात एकोणिसाव्या शतकात दुकानदार आणि कारागीर गावाबाहेरच्या उतारावर बागा भाड्याने घेत, त्यांना उंच कुंपणे लावत, विटांची उन्हाळी घरे बांधत. सुमारे ७५ एकरांच्या या बागा आज वारसास्थळ म्हणून संरक्षित आहेत. डरहॅमच्या कोळसापट्ट्यात खाणकामगारांनी अलॉटमेंटवर कबुतरे पाळली आणि लीकच्या जाडीवरून चुरशीच्या स्पर्धा लावल्या.

१८८४ मध्ये ग्रामीण मजुरालाही मत मिळाले आणि जमिनीचा प्रश्न निवडणुकीत उतरला. खासदार जेसी कॉलिंग्ज यांची ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा घरोघरी पोचली. जानेवारी १८८६ मध्ये त्यांनीच मांडलेल्या दुरुस्तीवर पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांचे सरकार पडले. तीन एकर कुणाला मिळाले नाहीत, गायही नाही. पण १८८७ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर मागणीनुसार अलॉटमेंट पुरवण्याची जबाबदारी टाकली. ती टाळली जाऊ लागली तेव्हा १९०७-०८ चे कायदे आले. १९०८ चा कायदा आजही या व्यवस्थेचा पाया आहे. दान म्हणून मिळणारी गोष्ट इथे हक्क म्हणून मागता येऊ लागली, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवू लागल्या. डिसेंबर १९१६ च्या आदेशाने स्थानिक प्रशासनाला पडीक जमीन ताब्यात घेऊन वाफ्यांसाठी देण्याचा अधिकार मिळाला आणि सुमारे सहा लाखांवर असलेली तुकड्यांची संख्या युद्धाच्या अखेरीस पंधरा लाखांच्या घरात गेली. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या ताटव्यांतून जिरॅनियम काढून भाजी लावली गेली. मे १९१६ मध्ये देशाची घड्याळे पहिल्यांदा एक तास पुढे केली गेली. तो निर्णय कोळसा वाचवण्यासाठी होता, पण कारखान्यातून सुटलेल्या माणसाला संध्याकाळी खणायला उजेड मिळाला, हा त्याचा मोठाच फायदा झाला. १९१९ मध्ये ‘श्रमिक वर्गासाठी’ ही अट गेली आणि अलॉटमेंट सर्वांना खुली झाली. १९२२ च्या कायद्याने तिची व्याख्या ठरवली: जास्तीत जास्त दहा गुंठे, मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळे. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर वेल्समधल्या बेकार खाणकामगारांना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी बियाणे, खत आणि अवजारे पुरवली. तिशीच्या मंदीत ही योजना देशभर पसरली.

दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९३९ मध्ये सुरू झालेली ‘डिग फॉर व्हिक्टरी’ म्हणजे ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम सर्वांना आठवते. सरकारच्या पत्रकात दहा रॉडांच्या, म्हणजे नव्वद फूट बाय तीस फूट तुकड्याचा तीन वर्षांच्या फेरपालटासह आराखडा छापलेला असे. बीबीसीवर रविवारी दुपारी सी. एच. मिडलटन बागकामाविषयी शांतपणे बोलत आणि लक्षावधी लोक ऐकत. लंडनच्या किल्ल्याच्या खंदकातही भाजी पिकली. तुकड्यांची संख्या सुमारे चौदा लाखांवर पोचली. त्याच युद्धात हिंदुस्थानातही ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली, पण तिचा भर शहरातल्या वाफ्यांपेक्षा कापसाखालची जमीन धान्याकडे वळवण्यावर होता.

शांततेच्या काळात मात्र ओहोटी लागली. शिधावाटप संपले, दुकाने भरली, आणि नगरपालिकांना या जमिनींवर घरे दिसू लागली. भूगोलतज्ज्ञ हॅरी थॉर्प यांच्या समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला तेव्हा जवळपास पाचवा हिस्सा तुकडे ओस होते. गंजके पत्रे आणि पडकी खोपटी काढून या तुकड्यांच्या नीटस ‘विरंगुळा बागा’ कराव्यात, अशी त्यांची शिफारस होती. तिचा कायदा झाला नाही, आणि ते बरेच झाले: पाच-सात वर्षांतच महागाई आणि १९७५ ची ‘द गुड लाइफ’ ही दूरदर्शन मालिका यांनी पुन्हा रांगा लावल्या.

तोवर वाफ्यांवर नवी माणसेही आली होती. कॅरिबियन बेटांतून, बांगलादेशातून, पंजाब आणि गुजरातमधून आलेल्या कुटुंबांनी लेस्टर, बर्मिंगहॅम आणि लंडनमध्ये कोथिंबीर, मेथी, लसूण, मुळा लावला. दुधी आणि कारली प्लॅस्टिकच्या बोगद्यात चढवली. इंग्रजी वसंताच्या थंडीत कोथिंबीर आणि मेथी आनंदाने वाढतात. खरी कसरत असते ती वेलवर्गीयांची.

सध्या ब्रिटनमध्ये सुमारे तीन लाख तुकडे असावेत असा अंदाज दिला जातो, आणि प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. काही ठिकाणी नंबर लागायला दहा-दहा वर्षे जातात. त्यावर तोड म्हणून अनेक नगरपालिका रिकामा झालेला तुकडा मधोमध कापून दोघांना देतात. सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर तिचा विचार करणे स्थानिक प्रशासनाला भाग आहे, आणि कायद्याने राखलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. पण मागणी किती दिवसांत पुरी करायची याची मुदत १९०८ च्या कायद्यात नाही, आणि लंडनच्या मध्यवर्ती बरोंवर, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांवर, तर १९६३ च्या कायद्यानंतर अलॉटमेंट पुरवण्याचे बंधनच उरलेले नाही.