कार्ड जुने की नवे? : एका तुलनेचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आले असेल. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला आणि सत्तरी ओलांडल्यावर हे गृहस्थ महाडात येऊन संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बोलणार! पण खरे सांगायचे तर विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्याकडे चालत आला.

आमचा भाचा पोलादपूरचा. लग्नांचे फोटो काढतो, व्हिडिओ करतो. त्याचे दुकान इथल्या बाजारपेठेत होते. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी कुठवर चढले ते आपल्याला आम्ही काय सांगावे! दुकानातला संगणक चिखलात गेला. जुन्या बाजारातून मिळेल ते घेऊन त्याने दोन वर्षे रेटली. मग एक दिवस फोन आला, "मामा, नवं आठ जीबीचं कार्ड घेऊ की जुनं बारा जीबीचं? कर्ज काढायचंय, एकदाच काय ते सांगा."

आम्हाला उत्तर येत नव्हते. म्हणून या वस्तूचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आले की हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही.

शाळेत आपण उपमा अलंकार शिकलो. उपमेय, उपमान आणि साधारण धर्म. मुख चंद्रासारखे म्हटले, तर कशात चंद्रासारखे? कांतीत, आकारात नव्हे. हा साधारण धर्म ठरला नाही तर तुलना पांगळी होते. ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासात कार्डे तर बदललीच, पण दर काही वर्षांनी हा साधारण धर्मही बदलत गेला. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.

१९९६ साली व्हूडू नावाचे कार्ड आले. त्याला ४ एमबी स्मृती होती, आणि नेहमीच्या चित्रासाठी दुसरे कार्ड वेगळे लागायचे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. आकृतीचे कोपरे कुठे येतील, उजेड कसा पडेल, हे गणित आता मुख्य प्रोसेसरऐवजी कार्ड करू लागले. त्या काळी मोजमाप सोपे होते. एकच खेळ दोन्ही कार्डांवर चालवायचा आणि सेकंदाला किती चित्रे उमटतात ते मोजायचे.

पण माप ठरले की मापासाठी तयारी सुरू होते. परीक्षेला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणारी मुले आम्ही जन्मभर पाहिली. २००३ साली थ्रीडीमार्क ही चाचणी बनवणाऱ्या फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीने जाहीर केले की, काही ड्रायव्हर ही चाचणीच ओळखतात आणि तेवढ्यापुरते काम कमी करून आकडा वाढवतात. पुढे 'फसवणूक' हा शब्द तिने मागे घेतला. ते काही असो, आकडा खरा असूनही त्याचा अर्थ खोटा असू शकतो, हे त्या वर्षी ग्राहकांना कळले.

२००६ च्या अखेरीस आलेल्या ८८०० जीटीएक्स कार्डात १२८ छोटे गणनाघटक होते, आणि ते चित्रापलीकडची गणितेही करू शकत. पुढच्या वर्षी त्यासाठी कूडा ही प्रणाली आली. अनेक लहान गणकांनी एक काम वाटून घ्यायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती बरं का! १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, तो ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर जोडूनच. त्याच सी-डॅकमध्ये २०२० साली परम सिद्धी-एआय आला. त्याच्या पोटात एनव्हिडियाचे ए१०० जीपीयू आहेत. खेळांसाठी जन्मलेल्या कार्डांचे हे वंशज, पण त्यांना पडद्याची तार जोडायची सोयसुद्धा नाही. सेकंदाला किती चित्रे, हे माप त्यांना कसे लावणार?

आणि आता तर चित्र म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी सांगितले की, त्यांचे नवे ५०७० कार्ड आधीच्या पिढीतल्या सर्वांत महागड्या ४०९० इतके काम देईल. मेख कुठे आहे बघा. नवे कार्ड एक चित्र स्वतः रेखाटते आणि त्यापुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. ती धरली तर आकडा जुळतो. शिवाय एकाची स्मृती १२ जीबी, दुसऱ्याची २४. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते हे खरे, पण मोजली जाणारी वस्तूच बदलली.

आता भाच्याकडे वळू. त्याच्यापुढची दोन कार्डे अशी : २०२१ चे ३०६०, स्मृती १२ जीबी, वीज १७० वॅट. २०२३ चे ४०६०, स्मृती ८ जीबी, वीज ११५ वॅट. बहुतेक खेळांत नवे पुढे. रोज आठ तास पूर्ण भाराने, वर्षातले ३०० दिवस चालवले तर नव्यात १३२ युनिट वीज वाचते. मग जुने कशाला घ्यायचे? स्मृतीसाठी. स्वयंपाकीण कितीही चपळ असली तरी ओटा लहान पडला की भांडी आत-बाहेर करण्यातच तिचा वेळ जातो. ८ जीबीत न मावणारे काम आले की कार्डाला संगणकाच्या मुख्य स्मृतीकडे धाव घ्यावी लागते, आणि तो रस्ता फार संथ असतो.

आम्ही त्याला म्हटले, "लोकांचे आकडे बाजूला ठेव. तुझंच एक लग्न दोन्हींवर चालवून बघ." ओळखीच्या दुकानात त्याने तसे केले. साधी फिल्म नव्यावर आधी झाली. पण मोठ्या चित्रमानाची, रंग दुरुस्त करायची, अंधारातली वरात आली तेव्हा नवे अडखळले. जुने सावकाश, पण न थांबता गेले. त्याचे पोट वरातीवर चालते. त्याने जुने घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे कार्डांवरचे खाणकाम बंद झाल्यापासून असा वापरलेला माल बाजारात बराच आला होता. हमी नव्हती, पंखा बदलावा लागला. तो धोका त्याने समजून पत्करला. कर्जही कमी काढावे लागले.

यावरून जुने ते सोने असा अर्थ कृपा करून काढू नका. त्याच्या मुलाला खेळांसाठी कार्ड हवे असते तर आम्ही नव्याच्या बाजूने बोललो असतो. कुणी म्हणाले की अमुक कार्ड तमुकपेक्षा दुप्पट चांगले, तर त्याला आदराने एकच विचारा : कशात? उत्तर आले की मग किंमत विचारा.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.