कॅरिबियन समुद्रातील चाचेगिरी आणि अमेरिकी आरमारातील स्कूनर (१८२२–१८२५)

स्पॅनिश अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धांच्या काळात शत्रूची व्यापारी जहाजे पकडण्याचे परवाने खासगी गलबतांना मुक्तहस्ते दिले गेले. परवाना संपला तरी लुटीचा धंदा थांबला नाही. क्यूबा व पोर्तो रिको ही स्पेनकडे उरलेली बेटे चाच्यांचे आश्रयस्थान बनली. अमेरिकी आरमाराच्या स्कूनरांनी या चाचेगिरीचा बीमोड केला, असे सर्वसाधारणपणे मांडले जाते. हे मत तपासून पाहणे आवश्यक आहे.

स्कूनरची शिडे आडव्या दांड्यांवर न बांधता गलबताच्या लांबीच्या दिशेने लावलेली असतात. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेकडे बरेच तिरके जाता येते आणि खलाशीही कमी लागतात. मात्र चाच्यांची गलबतेही बहुधा याच जातीची होती, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. खरा प्रश्न वेगाचा नव्हता, पाण्याच्या खोलीचा होता.

‘अ‍ॅलिगेटर’ या १२ तोफांच्या स्कूनरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचा सुमारे १० फूट भाग पाण्याखाली असे. नोव्हेंबर १८२२ मध्ये क्यूबातील मातान्सासजवळ चाच्यांनी पकडलेली जहाजे सोडविण्यासाठी लेफ्टनंट विल्यम अ‍ॅलन याला स्कूनर मागे ठेवून वल्ह्यांच्या होड्यांतून चाल करावी लागली. जहाजे सुटली, पण अ‍ॅलन मारला गेला. त्याच महिन्यात ‘अ‍ॅलिगेटर’ फ्लोरिडाच्या प्रवाळखडकांवर रुतून नष्ट झाले.

डिसेंबर १८२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नव्या तांड्यास मंजुरी दिली. कमोडोर डेव्हिड पोर्टर याने ‘फॉक्स’, ‘बीगल’, ‘फेरेट’ आदी आठ छोटी स्कूनर विकत घेतली. त्यांच्या जोडीला वल्ह्यांच्या पाच मोठ्या होड्या होत्या. त्यांना ‘मॉस्किटो’, ‘नॅट’, ‘मिज’ अशी डासचिलटांची नावे दिली होती. जुलै १८२३ मध्ये मातान्सासजवळ ‘दियाबोलितो’ या चाच्याच्या टोळीचा धुव्वा उडविला तो या होड्यांनीच. त्याच वर्षी की वेस्टच्या तळावर मात्र पीतज्वराने थैमान घातले. पोर्टर स्वतःही त्यातून सुटला नाही. नावांतील विनोद नियतीनेच उलटविला म्हणावयाचा. डास आणि पीतज्वर यांचा संबंध तेव्हा कोणास ठाऊक नव्हता.

याहून मोठी अडचण किनाऱ्यावर होती. लुटीचा माल गावात विकला जाई आणि चाचा जमिनीवर उतरताच स्पेनचा प्रजाजन ठरे. मार्च १८२३ मध्ये सान हुआनच्या किल्ल्यावरून ‘फॉक्स’वर तोफा डागल्या गेल्या व त्याचा अधिकारी लेफ्टनंट कॉक ठार झाला. पुढे चोरीच्या मालाचा शोध घेण्यास फाहार्दो येथे गेलेल्या ‘बीगल’च्या अधिकाऱ्यास स्थानिक अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवले. तेव्हा नोव्हेंबर १८२४ मध्ये पोर्टरने सुमारे २०० माणसे उतरवून तोफा निकामी केल्या व माफी मागावयास लावली. या आगळिकीबद्दल १८२५ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केले. १८२६ मध्ये तो राजीनामा देऊन मेक्सिकोच्या आरमारात गेला.

नेमक्या याच सुमारास दुसरा मार्ग फळास आला. मार्च १८२५ मध्ये ‘ग्रॅम्पस’ या स्कूनरचा अधिकारी जॉन स्लोट याने पोर्तो रिकोच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने एक साधे स्थानिक गलबत घेऊन त्यावर आपली माणसे चढविली. ते व्यापारी गलबत समजून रोबेर्तो कोफ्रेसी हा चाचा जवळ आला व पराभूत होऊन किनाऱ्याकडे पळाला. तेथे त्याला पकडले ते पोर्तो रिकोच्याच शिपायांनी. २९ मार्च १८२५ रोजी सान हुआन येथे स्पॅनिश सरकारने त्याला देहदंड दिला.