मुंबईच्या नागरी राजकारणातील गिरणीमालक व कामगार संघटना : प्रतिनिधित्वाच्या हक्काचा इतिहास (१८८८–२००६)

प्रस्तावना

मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास बहुधा संपांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १९२८, १९३४ आणि १९८२ ही वर्षे त्या इतिहासातील मैलाचे दगड मानली जातात. दुसरीकडे, मुंबई महानगरपालिकेचा इतिहास पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य आणि महापौर यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. हे दोन इतिहास एकमेकांपासून अलग ठेवल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. गिरणीमालक व व्यापारी वर्ग आणि कामगार संघटना यांच्यात शहराच्या कारभारावरील प्रभावासाठी जी स्पर्धा झाली, तिचा निर्णय नेमका कोठे लागला?

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, हा निर्णय केवळ मतपेटीत अथवा गिरणीच्या दारात लागला नाही. ‘प्रतिनिधी कोणास म्हणावे’ हे ठरविणाऱ्या नियमांमध्ये तो बऱ्याच अंशी आधीच झालेला होता. नगरपालिकेचा मताधिकार, औद्योगिक संबंधांचा कायदा आणि जमिनीच्या वापराची नियमावली या तीन ठिकाणी या नियमांचा विचार येथे केला आहे.

मताधिकार आणि चाळीतील खोली

बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १८३६ मध्ये, तर मिलओनर्स असोसिएशनची १८७५ मध्ये झाली. म्हणजे कामगारांची पहिली संघटना उभी राहण्यापूर्वीच भांडवलदार वर्ग संघटित झाला होता. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने ७२ सभासदांचे कॉर्पोरेशन निर्माण केले. त्यांपैकी ३६ करदात्यांनी, १६ जस्टिस ऑफ द पीस यांनी, २ विद्यापीठाच्या फेलोंनी आणि २ चेंबर ऑफ कॉमर्सने निवडावयाचे होते. उर्वरित १६ जणांची नेमणूक सरकारकडे होती. व्यापारी संस्थेला तिच्या संस्था या नात्यानेच सभागृहात स्थान मिळाले. शहराच्या संपत्तीची निर्मिती ज्यांच्या श्रमावर होत होती, त्या कामगारांना मात्र व्यक्ती म्हणूनही मत नव्हते आणि संघटना म्हणूनही नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांच्या पुढाकाराने सरकारनियुक्त आयोगापुढे सादर झाले. १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. मत नसलेल्या माणसाला अर्ज आणि सभा एवढीच साधने उपलब्ध असतात. लोखंडे यांनी ती पुरेपूर वापरली. त्यांच्या संघटनेला पक्की घटना व वर्गणीदार सभासद नव्हते, अशी टीका पुढील काळात झाली. परंतु ज्या व्यवस्थेत सभासदसंख्येला काही किंमतच नव्हती, तेथे सभासदनोंदणीचा आग्रह कामगारांना तरी का वाटावा, हेही लक्षात घेतले पाहिजे.

१९२२ च्या सुधारणेने कॉर्पोरेशनची सभासदसंख्या १०६ झाली आणि दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यास मताधिकार मिळाला. मध्यमवर्गीय भाडेकरू या दाराने आत आला. परळ-लालबागच्या चाळीतील एका खोलीचे भाडे मात्र बहुधा दहा रुपयांच्या आतच असे आणि त्या खोलीत अनेकदा पाच-सात गडी एकत्र राहत. त्यामुळे गिरणी कामगार उंबरठ्याबाहेरच राहिला. याच सुधारणेत बॉम्बे चेंबर, इंडियन मर्चंट्स चेंबर आणि मिलओनर्स असोसिएशन यांना प्रत्येकी एक जागा होती. मताधिकार रुंदावला, पण संस्था म्हणून मिळणारे प्रतिनिधित्व भांडवलाच्या बाजूलाच राहिले.

गिरणगाव : मताविना सत्ता

सभागृहात स्थान नसले तरी गिरणगावात कामगारांची एक स्वतंत्र सत्ता आकार घेत होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी या संदर्भात वस्तीचे महत्त्व ठामपणे मांडले आहे. जॉबर, वाणी, खानावळवाली, तालीम, गणेशोत्सव मंडळ आणि गावकीच्या खोल्या यांच्या जाळ्यातून संपकाळात उधारी मिळे, बातमी पसरे आणि संपफोड्यांना अटकाव होई. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने टिकला, तो या जाळ्याच्या बळावर. त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस पन्नास हजारांच्या वर गेली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर आदी नेत्यांना अटक झाली. कामगारांच्या वाढत्या प्रभावाला दिलेले हे उत्तर नगरपालिकेच्या पातळीवरचे नव्हते. ते साम्राज्यसत्तेच्या पातळीवरून आले.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या विधानसभेत व्यापार-उद्योगासाठी सात आणि कामगारांसाठी सात जागा राखल्या गेल्या. कागदावर समानता आली. तरीही तीन वर्षांत खेर मंत्रिमंडळाने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने घातली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध एक दिवसाचा संप घडविला. संप हा नागरिकाचा स्वातंत्र्याचा हक्क आहे की उत्पादनातील व्यत्यय आहे, हा मूलभूत वाद त्यातून पुढे आला.

‘प्रातिनिधिक संघटना’ : अहमदाबादचा साचा, मुंबईचा कामगार

या वादाचे कायदेशीर उत्तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने दिले. तत्कालीन मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनातून आलेले नेते होते. अनसूयाबेन साराभाई आणि महात्मा गांधी यांच्या प्रेरणेने १९२० मध्ये उभ्या राहिलेल्या त्या संघटनेचा भर लवाद व तडजोडीवर होता. एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ आणि वाटाघाटींचा अधिकार तिलाच, ही नव्या कायद्याची चौकट होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे स्थान इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला लाभले.

अहमदाबादेत या चौकटीमागे कामगारांचे प्रत्यक्ष पाठबळ होते. मुंबईत परंपरा वेगळी होती. येथे संघटना संपातून उभ्या राहत आणि नेतृत्व बदलत असे. परिणामी कायद्याने मान्य केलेला प्रतिनिधी आणि कामगारांनी मनाने स्वीकारलेला प्रतिनिधी यांत अंतर पडले. मालकवर्गाला याचा लाभ झाला, कारण कोणाशी बोलावयाचे व कोणाशी नाही, हे ठरविण्याचा त्रास कायद्यानेच वाचविला.

महापालिका जिंकणे आणि शहर जिंकणे

१९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकाराने झाली. त्यानंतरच्या दशकात काँग्रेसचे स. का. पाटील यांचे शहरावर वर्चस्व होते; १९४९ ते १९५२ या काळात ते महापौर होते आणि व्यापारी-उद्योजक वर्गाशी त्यांचे निकटचे संबंध सर्वश्रुत होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा आदींच्या बॉम्बे सिटिझन्स कमिटीने मुंबई महाराष्ट्रात समाविष्ट करण्यास विरोध केला. त्यामुळे भाषिक प्रश्नाला वर्गीय धार आली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत १९५७ मध्ये काँग्रेसला महापालिकेतील सत्ता गमवावी लागली. १९५८ मध्ये मीरत खटल्यातील आरोपी मिरजकर मुंबईचे महापौर झाले. ज्या कॉर्पोरेशनमध्ये गिरणी कामगाराला मतही नव्हते, त्याच्या अध्यक्षस्थानी त्याचा नेता बसला.

या विजयाच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८८८ च्या कायद्यानुसार कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडेच होते. पोलीस आणि कामगारविषयक कायदे राज्याकडे होते. महापौरपद हा सन्मान होता. गिरणीतील वेतन, बदली कामगारांचे कायमीकरण अथवा प्रातिनिधिक संघटनेची मान्यता यांपैकी कशावरही त्याचा अधिकार चालत नव्हता.

पुढील दशकात स्पर्धेचे स्वरूप बदलले. महापालिका कर्मचारी व टॅक्सीचालक यांच्या संघटनांतून आलेले जॉर्ज फर्नांडिस १९६१ मध्ये नगरसेवक झाले आणि १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांचा पराभव केला. शहर बंद पाडू शकणाऱ्या सेवाक्षेत्रातील संघटनेचे बळ त्यातून दिसले. गिरणगावात मात्र १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने शाखांच्या माध्यमातून वस्तीचे तेच जाळे आपलेसे केले, ज्यावर लाल बावटा उभा होता. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिला ४२ जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी भारतीय कामगार सेना स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. नंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक विजयी होऊन सेनेचे पहिले आमदार ठरले. कम्युनिस्ट संघटनांचा प्रभाव ओसरण्यात मालकवर्गाला स्वारस्य होते, हे अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. परंतु केवळ तेवढ्याने सेनेच्या यशाचा उलगडा होत नाही. नोकरीच्या शोधातील मराठी तरुणाचा प्रश्न डाव्या संघटनांच्या कक्षेबाहेर राहिला होता, कारण त्या आधीच नोकरीत असलेल्यांच्या संघटना होत्या.

१९८२ आणि जमिनीचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढीइतकीच १९४६ चा कायदा रद्द करण्याची मागणी महत्त्वाची होती. ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना कायद्याने वाटाघाटीचा अधिकार नव्हता. ज्यांना अधिकार होता त्यांच्या मागे कामगार नव्हते. मालकांनी आणि शासनाने या विसंगतीचा आधार घेतला. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ मध्ये डॉ. सामंत लोकसभेवर निवडून आले. म्हणजे कामगारांनी मतपेटीतून आपला प्रतिनिधी पुन्हा एकदा निःसंदिग्धपणे सांगितला. कायद्याच्या दृष्टीने त्या उत्तराला अर्थ नव्हता.

दरम्यान स्पर्धेचा विषयच बदलला. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार विकासास निघालेल्या जमिनीचे मोकळ्या जागेसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि मालक असे साधारण तीन वाटे व्हावयाचे होते. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल ग्राह्य धरला. एका नियमातील एका शब्दाच्या अर्थाने जे घडले, ते शंभर वर्षांतील कोणत्याही निवडणुकीने घडविले नव्हते.

या टप्प्यावर कामगारांचे प्रतिनिधी कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली १९८९ पासून कार्यरत झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने वेतनाऐवजी थकीत देणी आणि घरे या मागण्या केंद्रस्थानी आणल्या. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ती या दीर्घ प्रयत्नांचे फलित होती. तथापि अर्जदारांच्या तुलनेत घरे अल्प होती आणि कित्येकांच्या वतीने वारसांनाच रांगेत उभे राहावे लागले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भांडवलदार वर्गाचा नागरी राजकारणातील प्रभाव संस्थात्मक आणि सातत्यपूर्ण होता. तो निवडणुकीतील जयपराजयावर फारसा अवलंबून नव्हता. कामगार संघटनांचा प्रभाव संख्येवर आणि वस्तीवर आधारलेला होता. तो प्रसंगी प्रचंड होई, परंतु नियमांत रूपांतरित न झाल्याने टिकत नसे. कामगारांना मताधिकार मिळाला तेव्हा वाटाघाटीचा हक्क एका संघटनेपुरता सीमित झाला होता. महापालिका हाती आली तेव्हा अधिकार आयुक्तांकडे आणि राज्याकडे होते. आणि कामगार कायद्याविरुद्ध लढत होते तेव्हा निर्णय नगररचनेच्या नियमांकडे सरकला होता.

तथापि हा केवळ पराभवाचा इतिहास नाही. रविवारच्या सुटीपासून म्हाडाच्या सोडतीपर्यंत कामगारांनी जे मिळविले, ते मान्यतेच्या चौकटीबाहेर राहून मिळविले. म्हणूनच स्थानिक लोकशाहीचा अभ्यास करताना कोण निवडून आले याबरोबरच, कोणत्या निर्णयासाठी निवडणूक झालीच नाही, हाही प्रश्न अभ्यासकांनी विचारणे अगत्याचे आहे.