यंत्रांचें उत्तरकार्य

सोनाराच्या दुकानापुढील धूळ आणि गटारांतील गाळ धुऊन त्यांतून सोन्याचांदीचे कण वेंचणारे झारेकरी महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचे आहेत. टाकलेल्या वस्तूंतून मोलाचें तेवढें परत मिळविण्याची ही विद्या जुनीच आहे. परंतु गेल्या चाळीसएक वर्षांत तिला निराळें व भयंकर वळण लागलें. ज्याला आज ‘ई-कचरा’ म्हणतात त्या जुन्या संगणकांच्या, दूरचित्रवाणी-संचांच्या आणि मोबाइल फोनांच्या पोटांत सोनें, चांदी व तांबें आहे, तसेंच शिसें, कॅडमियम आणि पाराहि आहे. समुद्रमंथनांतून लक्ष्मी निघाली आणि हलाहलहि निघालें. येथें तोच प्रकार आहे. लक्ष्मी कोणाच्या घरीं गेली आणि हलाहल कोणाच्या वांट्यास आलें, हा या विषयांतील खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

१९८० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील कायदे कडक झाले आणि विषारी कचऱ्याची विल्हेवाट महाग पडूं लागली. तेव्हां कांहीं व्यापाऱ्यांनीं तो कचरा गरीब देशांकडे धाडण्याचा सोपा मार्ग शोधून काढला. १९८६ सालीं ‘खियान सी’ नांवाचें जहाज अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्ट्यांची सुमारें १४,००० टन राख घेऊन निघालें. बंदरामागून बंदरानें त्याला नकार दिला. १९८८ च्या आरंभीं त्यानें हैती देशाच्या किनाऱ्यावर सुमारें ४,००० टन राख खत म्हणून उतरविली. पुढें त्याचें नांव दोनदां बदललें, आणि वर्षाअखेर तें सिंगापुरास पोंचलें तेव्हां त्याचें पोट रिकामें होतें; उरलेली राख समुद्रांत गेली होती. त्याच वर्षीं नायजेरियांतील कोको या गांवीं इटलीहून आलेलीं विषारी रसायनांचीं पिंपें सांपडलीं.

या बोभाट्यामुळें २२ मार्च १९८९ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९९२ सालीं अंमलांत आला व भारतहि त्याच वर्षीं त्यांत सामील झाला. अमेरिकेनें सही केली, पण मान्यता मात्र अद्यापि दिलेली नाहीं. करारांत एक मोठी उणीव होती. कचरा पाठविण्यास सरसकट मनाई नव्हती. घेणाऱ्या देशाची पूर्वसंमति मिळाली कीं काम भागे. श्रीमंत राष्ट्रांनीं असा कचरा गरीब राष्ट्रांकडे पाठवूंच नये, ही दुरुस्ती १९९५ सालीं झाली. पण ती अंमलांत येण्यास २०१९ चा डिसेंबर उजाडला. मध्यंतरीं चोवीस वर्षें गेलीं, आणि याच चोवीस वर्षांत संगणक घरोघरीं पोंचला.

या काळांत काय घडलें त्याची साक्ष दक्षिण चीनमधील ग्वीयू हें गांव देतें. येथील लोक मूळचे भातशेती करणारे. १९९० नंतर परदेशांतून जुन्या संगणकांचे ढीग येऊं लागले आणि घराघरांतून शेगड्या पेटल्या. सर्किट बोर्ड कोळशावर तापवून डाख वितळवावा, सुटे झालेले भाग उपटून अम्लांत बुडवावे व सोनें काढावें, उरलेलें अम्ल नदीकांठीं ओतावें, तारा उघड्यावर जाळून तांबें मोकळें करावें, असा हा धंदा. विहिरींचें पाणी पिण्याजोगें राहिलें नाहीं. तें बाहेरून आणावें लागे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तेथील सहा वर्षांखालील १६५ मुलांचें रक्त तपासलेलें आहे. त्यांपैकीं १३५ मुलांच्या रक्तांत शिसें तत्कालीन धोक्याच्या मर्यादेहून अधिक निघालें. शिशानें कोवळ्या मेंदूची वाढ खुंटते. २०१५ च्या सुमारास तेथील घरगुती धंदा बंदिस्त औद्योगिक वसाहतींत हलविण्यांत आला. पण वाढत्या वयांत शिसें भिनलेल्या मुलांची हानि त्यानें थोडीच भरून येणार?

केवळ बंदरावर पहारा ठेवून भागत नाहीं, हें हळूहळू पटूं लागलें. वस्तु विकली म्हणजे कारखानदाराची जबाबदारी संपली असें नव्हे, हा विचार १९९० सालीं स्वीडनमध्यें थॉमस लिंडक्विस्ट यांनीं मांडला. जपानांत २००१ पासून दूरचित्रवाणी-संच, फ्रीज, धुलाईयंत्र वा वातानुकूलक टाकतांना गृहस्थालाच शुल्क भरावें लागतें. त्याच देशांत २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांनीं दिलेल्या सुमारें ७९,००० टन जुन्या उपकरणांतून ३२ किलो सोनें निघालें, आणि चांदी व कांशासह त्यांतून टोकियो ऑलिंपिकचीं सुमारें ५,००० पदकें घडलीं. झारेकऱ्याची विद्या सार्वजनिक शिस्तीनें आचरली तर काय साधतें, याचा हा दाखला.

आपल्या देशांत ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या नव्या नियमांनीं उत्पादकांचें दायित्व अधिक स्पष्ट केलें. तरीहि २०२२ सालीं जगांत निर्माण झालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकीं अवघ्या २२.३ टक्के कचऱ्याचें रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे.

जुना संच टाकतांना जपानी गृहस्थ पैसे देतो. आम्ही भंगारवाल्याकडून पैसे घेतों. हा फरक कोण भरतो? पुष्कळदां तो धूर व अम्ल अंगावर घेणारा मजूर भरतो. शंकरानें हलाहल स्वेच्छेनें प्राशन केलें. या मजुराला तशी निवड नसते. दोष भंगारवाल्याचा नव्हे. तो नसता तर वस्तु उकिरड्यावरच गेली असती. पुण्यांत १९९३ सालीं संघटित झालेल्या कचरावेंचकांनीं पुढें महानगरपालिकेच्या कामांत स्थान मिळविलें. असे हात व्यवस्थेंत सामावून घेतां येतात, हें त्यांनीं दाखविलें आहे.

उपकरणावर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलें एक लहानसें चित्र असतें. ही वस्तु इतर कचऱ्यांत टाकूं नये, असा त्याचा अर्थ. ती नोंदणीकृत संकलकाकडेच जावी, आणि त्यापायीं चार पैसे कमी मिळाले तरी सुशिक्षित गृहस्थानें तो तोटा मानूं नये.