दवाखान्याचा खर्च कोणी उचलायचा?



गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली की आपण कारण लिहून घेतो. बियाणं, शेळी, मुलीची फी आणि दवाखाना. शेळीचं कर्ज शेळी फेडते. दवाखान्याचं कर्ज मात्र मजुरीतून फेडावं लागतं, माणूस बरा झाला तरी आणि न झाला तरी. म्हणून आज एका जुन्या वादाची गोष्ट सांगते. आजारपणाचा खर्च सरकारने उचलायचा, विम्याने की घराने? आपल्या देशात हा वाद ऐंशी वर्षं चालू आहे.

ऑक्टोबर १९४३मध्ये इंग्रज सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर, जन्माने आपल्या नाशिकचे. १९४६मध्ये समितीचा अहवाल आला. त्याचं मुख्य सांगणं एका वाक्यात मावतं : पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये.

पण पैसे आणायचे कुठून? विम्याचा विचार तेव्हाही झाला होता. कारखान्यातल्या कामगाराला ठरलेला पगार असतो, त्यातून हप्ता कापता येतो. त्यांच्यासाठी १९४८मध्ये राज्य विमा कायदा झालाही. शेतात राबणाऱ्या बाईचा हप्ता कोण कापणार? म्हणून भोर समितीने सांगितलं, सेवा सगळ्यांना मोफत द्या आणि खर्च करांच्या पैशातून करा. मैत्रिणींनो, साबणाच्या वडीवरही आपण कर भरतो. तेव्हा सरकारी दवाखान्यातला उपचार म्हणजे कुणाचा धर्मादाय नाही.

सुरुवातीला चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, अशी शिफारस होती. २ ऑक्टोबर १९५२ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातून ही केंद्रं उघडली; पण अख्ख्या विकासगटाला एकच. पैसा कमी पडत गेला. १९५९मध्ये नेमलेल्या मुदलियार समितीने बजावलं, नवी केंद्रं उघडण्याआधी आहेत ती धड करा. इमारत आहे पण डॉक्टर नाही, हे गाऱ्हाणं तेव्हापासूनचं आहे.

१९९०नंतर वाद पुन्हा पेटला. सरकारी तिजोरीवर ताण होता. जागतिक बँकेसारख्या संस्थांचा सल्ला होता की ऐपत असणाऱ्यांकडून शुल्क घ्या. या बाजूचं म्हणणं असं : शुल्काचा पैसा त्याच रुग्णालयात राहिला तर औषधं येतील, दुरुस्ती होईल, गरिबांना सूट देऊ. दुसरी बाजू म्हणाली, सूट मिळवायला कागद लागतो, आणि ज्याच्याकडे कागद नाही तोच सर्वांत गरीब असतो. महाराष्ट्रातही शुल्क आलं. ते बंद व्हायला २०२३चा १५ ऑगस्ट उजाडावा लागला. त्या दिवसापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्यात नाहीत.

मधल्या काळात दोन वाटा निघाल्या. एक, २००५चं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान. आपली आशाताई त्यातूनच आली. दुसरी वाट कार्डाची. २०१२मध्ये महाराष्ट्रात जीवनदायी योजना सुरू झाली, ती आता महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१८मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग अशा मोठ्या आजारांत या कार्डाने अनेक घरं वाचवली, हे मान्यच करायला हवं. पण कार्ड मुख्यतः यादीतल्या, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना चालतं. ताप, खोकला, रोजची रक्तदाबाची गोळी यांना ते चालत नाही. तिथे जवळचं उपकेंद्रच लागतं.

फरक पडतो का? पडतो. राष्ट्रीय हिशेबानुसार २०१३-१४मध्ये देशातल्या आरोग्यखर्चाच्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात. २०२१-२२मध्ये ते ३९वर आले. त्याच वर्षी सरकारचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या आरोग्य धोरणात २०२५पर्यंत अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट होतं.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकारने हात आखडला की खर्च नाहीसा होत नाही. तो घरात येतो, आणि घरात बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो : मंगळसूत्र गहाण, गटाचं कर्ज, स्वतःचं दुखणं अंगावर काढणं.

म्हणून हा वाद फक्त दिल्ली-मुंबईचा नाही. आपल्या गावातही आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. अभियानात तिच्यासाठी वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी ठरवला होता, आणि निम्म्या सदस्य बायका असाव्यात असा नियम आहे. पुढच्या ग्रामसभेत गटाने मिळून तीन प्रश्न विचारा : समितीत कोण आहे? यंदा निधी किती आला, कशावर गेला? उपकेंद्रात कोणती औषधं संपली आहेत? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या गटाचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो. हाही आपलाच हिशेब आहे.