‘दुर्मीळ’ हे कुणी मोजलं? पानथरीच्या धमनीवरच्या फुग्याची गोष्ट

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासाठी प्रबंधाचा आराखडा लिहिताना ‘हा आजार दुर्मीळ आहे’ हे वाक्य हात आपोआप लिहून जातो. तिथंच जरा थांबा आणि विचारा: दुर्मीळ म्हणजे कुणी मोजलं, आणि कुणाला मोजलं?

उदाहरण घेऊ. पोटातल्या मुख्य महाधमनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, बऱ्यापैकी परिचित आहे. तिच्या फांद्यांवरचा मात्र क्वचित सापडतो. त्यातल्या त्यात जास्त दिसतो तो प्लीहेच्या, म्हणजे पानथरीच्या धमनीवर. आणि तोही पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त. त्याची पहिली नोंद बोसिए यांनी 1770 मध्ये केली, तीही मृतदेहात. ऑपरेशनच्या आधी निदान झाल्याची पहिली नोंद थेट 1920 ची, होएग्लर यांची. मधली दीडशे वर्षं हा आजार कळायचा तो बहुतेक शवविच्छेदनाच्या टेबलावर.

आता बघा, याचा परिणाम काय झाला. नोंदी व्हायच्या त्या मुख्यतः फुटलेल्या फुग्यांच्या. त्यामुळे वाटायचं, हा फुगा हमखास फुटतो. 1971 मध्ये सीटी स्कॅन आला, पुढे सोनोग्राफी सर्रास झाली, आणि दुसऱ्याच कारणासाठी तपासलेल्या पोटांत शांत बसलेले फुगे दिसू लागले. धोक्याचा अंदाज बदलला. पूर्वी 2 सेंटिमीटरच्या पुढे उपचार करायचे. 2020 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी त्रास नसलेल्या रुग्णांसाठी ती मर्यादा 3 सेंटिमीटर केली.

पण मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी ही सूट नाही. तिथं फुगा कितीही लहान असो, उपचार सुचवतात. कारण गरोदरपणात तो फुटला तर आई आणि बाळ दोघंही जाण्याची भीती फार मोठी. शिवाय तो फसवतो: पहिला रक्तस्राव कधीकधी जठरामागच्या पोकळीत अडतो, रक्तदाब सावरतो, सगळ्यांना हायसं वाटतं. काही तासांनी किंवा दिवसांनी रक्त पोटात उसळतं. म्हणून गरोदर बाईला अचानक डाव्या बरगडीखाली कळ आली, चक्कर आली, तर गर्भाशयाबरोबर ही धमनीही आठवायला हवी. वेळेत सापडला तर कॅथेटरमधून बारीक कॉइल सोडून किंवा स्टेंट बसवून फुगा बंद करता येतो. फुटल्यावर बहुधा पोट उघडून धमनी बांधावी लागते, कधी पानथरीही काढावी लागते.

उलट बाजूही लक्षात घ्या. जी बाई निदानाआधीच गेली आणि जिचं शवविच्छेदन झालं नाही, ती कुठल्याच लेखात नाही. म्हणजे आकडा दोन्हीकडून अपुरा: शांत फुगे सुटले, आणि काही मृत्यूही सुटले.

तेव्हा आराखड्यात टक्केवारी लिहिण्याआधी छेद तपासा. भागिले कोण, हे ठाऊक नसेल तर ‘दुर्मीळ’ हा शब्द तुमचा निष्कर्ष नाही, तुमचा संशोधन-प्रश्न आहे.