टोपी, गहू आणि कातडीची साक्ष

पोळ्याच्या सुमारास अकोल्याहून अमरावतीकडे निघालं, की मूर्तिजापूर, बडनेऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरा सडा पडलेला दिसतो. वाटतं, कुणी मुरमुरे सांडलेत. ते गाजर गवत. गाडीत कुणी ना कुणी हमखास म्हणतं, "हे तं अमेरिकेच्या लाल गव्हासंगं आलं." बाकीचे माना डोलावतात. मीही वर्षानुवर्षं डोलावत आलो. मग एक दिवस दोन सनावळ्या शेजारीशेजारी मांडल्या आणि मान थांबली.

पुण्यात प्रा. परांजप्यांना हे झाड उकिरड्यावर तुरळक उगवलेलं दिसलं, ते १९५१ साली. आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'भारतातली नवी नोंद' म्हणून ते छापलं १९५६ साली. आणि ज्या गव्हाच्या 'पीएल ४८०' करारावर सगळं खापर फुटतं, तो अमेरिकी कायदा १९५४चा. भारताशी त्याखाली पहिला करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये. त्या कराराचा गहू बोटीत चढायच्या पाच वर्षं आधी गवत पुण्याच्या उकिरड्यावर उभं होतं.

या सनावळीत मी शिरलो ते काकांमुळे. त्यांचं वावर दर्यापूरकडे. दोन-तीन पावसाळे ते म्हणत राहिले, "निंदाले गेलो का डोये सुजतेत." घरच्यांना वाटलं, ऊन असेल, फवारणी असेल. पुढे पापण्यांची कातडी जाड झाली, मानेच्या वळ्या काळ्या पडल्या, कोपरांच्या खळग्यांतून पाणी येऊ लागलं. रात्रभर खाजवण्याचा आवाज यायचा. अमरावतीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांच्या पाठीवर छोट्या चकत्यांची पट्टी चिकटवली आणि दोन दिवस अंघोळ करू नका म्हणून सांगितलं. पट्टी काढली तेव्हा बाकी जागा कोऱ्या होत्या. एकाच चकतीखाली रुपयाएवढा लालभडक, पुरळ उठलेला डाग होता. ती चकती गाजर गवताच्या अर्काची होती.

ही पट्टीची चाचणी जोसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली मांडली. तिचं मर्म तिच्या उशिरात आहे. मधमाशी चावली की मिनिटांत सूज येते. इथे दोन दिवस, कधी चार दिवस थांबावं लागतं. कारण हा रोग गवताच्या विषाचा नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या स्मरणाचा आहे. गवताच्या अंगावरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्या जोडगोळीला परकं ठरवून तिची ओळख मनात धरून ठेवतात. ही ओळख पटायला बहुधा वर्षं जातात. एकदा पटली, की पुढे वाऱ्यावरची धूळही पुरते. म्हणून काका वीस वर्षं तेच गवत हातानं उपटत होते तेव्हा काही झालं नाही, आणि मग एका श्रावणात अचानक झालं.

तेव्हा माझ्या मनात आलं, की झाड कधी आलं याची साक्ष झाडापेक्षा माणसाची कातडी चांगली देईल.

आधी प्रतिपक्ष नीट मांडतो, कारण तो तगडा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुनी वाळवलेली पानं चाळली तेव्हा धक्काच बसला. तमिळनाडूतल्या अर्काटचा एक नमुना निघाला १८१०चा. रॉक्सबर्गच्या १८१४च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या यादीत, हे नाव आहे. डेहराडूनच्या संग्रहात ब्रँडिस यांचा १८८०चा नमुना आहे. या मंडळींचं म्हणणं असं, की गहू-बिहू सगळं झूट. झाड दीडशे वर्षं इथंच दबा धरून होतं. रस्ते, कालवे, पडीक जागा वाढल्या तसं बाहेर पडलं.

माझा सवाल एवढाच, की मग त्या दीडशे वर्षांत कुणाचे डोळे का सुजले नाहीत? पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी या त्वचारोगाची साथ लिहून काढली ती १९६०च्या दशकाअखेर. पुढे १९७४ साली मिचेल आणि कॅलनन यांच्यासह त्यांचा निबंध लंडनमध्ये छापून आला. रुग्ण बहुतेक पुरुष, बहुतेक उघड्यावर काम करणारे, आणि पुरळ नेमकं उघड्या अंगावर: पापण्या, मान, कोपर, गुडघ्यामागची खळगी. इतका ठसठशीत रोग आधी असता तर वैद्यांनी त्याला नाव दिलं असतं. आमच्याकडे गजकर्णाला नाव आहे, नायट्याला आहे, इसबाला आहे. याला जुनं नाव नाही. अर्काटचं झाड आलं, वाळलं, कागदावर चिकटलं आणि त्याचा वंश बहुधा तिथंच खुंटला. वऱ्हाड भरून टाकणारं कूळ दुसरं. ते पुण्यात १९५०च्या आसपास उतरलं आणि ओळख पटायला लागणारी दहा-पंधरा वर्षं जाताच दवाखान्यांत रांग लागली. झाडाची तारीख आणि रोगाची तारीख यांत जेवढं अंतर पडायला हवं, तेवढंच पडलं आहे.

रसायनही थोडी साक्ष देतं. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनासारख्या काही भागांत याच झाडात पार्थेनिनऐवजी त्याचं अगदी जवळचं भावंड, हायमेनिन, सापडतं. आपल्याकडे पार्थेनिन आहे, म्हणजे आपलं गवत मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या कुळातलं. लिनियसनं १७५३ साली नाव दिलं तेव्हा त्याच्यासमोरचं झाड जमैकाचं होतं. यानं अर्जेंटिना वगळला जातो. अर्काटवाल्यांचं तोंड यानं बंद होत नाही, हे मात्र मान्य करायला हवं. १८१०चं झाडही त्याच आखाताकडून आलेलं असू शकतं.

मग १९५०च्या सुमाराला कशातून आलं? गव्हाला मी पूर्ण सोडत नाही. पीएल ४८० सुटला तरी गहू सुटत नाही. १९५१च्या जूनमध्ये अमेरिकी अध्यक्ष ट्रूमन यांनी भारतासाठी १९ कोटी डॉलरच्या धान्यकर्जाच्या कायद्यावर सही केली होती, आणि त्याआधीच्या टंचाईतही परदेशी धान्य मुंबई बंदरात उतरतच होतं. माझा होरा असा, की बी याच आधीच्या गोण्यांतून आलं आणि बदनाम झाला नंतरचा, जास्त गाजलेला करार. ऑस्ट्रेलियातली हकिगत याला जुळते. तिथे एकदा ते दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी यंत्रसामग्रीबरोबर आलं असं मानतात, आणि १९५८च्या सुमारास दुसऱ्यांदा टेक्सासहून आलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून. एक देश, दोन वाटा. आपल्याकडेही वाट एकच असेल असं का धरायचं?

आता नावाकडे वळतो, कारण खरा गुंता तिथे आहे.

'गाजर गवत' सरळ आहे: पान गाजराच्या पानासारखं. 'काँग्रेस गवत' मात्र वादाचं. एक म्हणतो, काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून. दुसरा म्हणतो, पांढऱ्या फुलांचा घोळका गांधीटोप्यांच्या सभेसारखा दिसतो म्हणून. तिसरा तर अमेरिकी काँग्रेसनं गहू मंजूर केला म्हणून असंही सांगतो. तिसऱ्याला मी लगेच बाजूला ठेवतो; वावरात निंदणाऱ्या बाईला वॉशिंग्टनच्या सभागृहाशी काय देणंघेणं?

पहिल्याशी मात्र भांडावं लागतं. परक्या झाडाला मराठी माणूस काय म्हणतो ते पाहा. विलायती बाभूळ, विलायती चिंच. परकेपण दाखवायला 'विलायती' हा शिक्का तयारच होता. आणि स्वभावावरून नाव द्यायचं तर आम्ही सरळ 'बेशरम' म्हणतो. उपटून फेकलं तरी नाल्याच्या काठी पुन्हा रुजणारं ते झुडूप. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकी ज्वारीला लोकांनी तिच्याच नावानं 'मिलो' म्हटलं, 'काँग्रेस ज्वारी' म्हटलं नाही, आणि राज्य तर तेव्हाही काँग्रेसचंच होतं. म्हणजे राज्यावरून धान्याला नाव पडलं नाही, मग त्यातल्या तणाला का पडावं? माझा कौल टोपीला.

टोपीच्या मागे आणखी एक पायरी आहे असं मला वाटतं, आणि हा तर्क माझा आहे. इंग्रजीत या झाडाचं एक नाव 'व्हाइटटॉप', पांढऱ्या शेंड्याचं. हिंदीत एक नाव चालतं, 'सफेद टोपी'. 'टॉप' म्हणजे शेंडा, पण कानाला तो 'टोपी'च्या किती जवळ! एखाद्या शेतकी माणसानं इंग्रजी नाव वाचलं, गड्याला सांगितलं, गड्यानं 'टोपी' ऐकलं. आणि त्या काळात पांढरी टोपी म्हटली की डोळ्यासमोर एकच पक्ष. टॉपची टोपी झाली आणि टोपीची काँग्रेस. यावर कुणी म्हणेल की टोपी डोळ्यांना थेट दिसली, इंग्रजी कशाला हवी? रास्त आहे. पण मी भिंगाखाली ते फूल पाहिलं आहे. ते जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं, पाच कोपऱ्यांचं, प्रत्येक कोपऱ्यावर एक चिमुकली पाकळी. एकट्या फुलात टोपी कुठेच दिसत नाही. टोपी दिसते ती शब्द आधी कानावर पडला असेल तर.

तिसरं मराठी नाव सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत कमी वापरातलं: चटकचांदणी. हा शब्द झाडापेक्षा जुना. नखरेल, ठसकेबाज बाईला मराठीत चटकचांदणी म्हणतात. तेव्हा सरळ अर्थ असा, की पांढरं, चांदणीसारखं, डोळ्यांत भरणारं फूल पाहून कुणीतरी रंगेल नाव ठेवलं. गंमत म्हणजे 'पार्थेनियम'च्या मुळाशी ग्रीक 'पार्थेनोस' आहे, म्हणजे कुमारिका. ग्रीकांची कुमारिका मराठीत नखरेल होऊन अवतरली. या दोघींचा एकमेकींशी संबंध नसावा, पण भेट मोठी विलक्षण. मला मात्र 'चटक'मध्ये 'चटका'ही ऐकू येतो. शब्द तयार करणाऱ्याच्या मनात तो नसेल. ज्याच्या पापण्या जळल्या त्याला तोच आधी ऐकू येईल. शब्द दिसतो एकाला आणि पोळतो दुसऱ्याला, तेव्हा दुसऱ्याचा अर्थही अर्थच असतो.

गवत आवरण्याचे पुढचे टप्पे ठाऊकच आहेत. कर्नाटकनं १९७५ साली त्याला उपद्रवी तण जाहीर केलं. १९८४मध्ये बंगळूरला मेक्सिकन भुंगे सोडले; ते पानं फस्त करतात, पण पावसाळ्यापुरतेच. दर ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात, हे लक्षात घेतलं की सप्ताह किती तोकडा ते कळतं. मिठाचं पाणी फवारा असंही सांगतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमीनच खारटली आहे, तिथे वावरात मीठ टाकायला कोण धजेल? रस्त्याकडेला ठीक.

आमच्या मातीतला खरा तोडगा तरोटा. ज्याची कोवळी पानं आपण पहिल्या पावसात भाजीला खुडतो, तोच. धुऱ्यावर त्याचं बी पेरलं की तो दाट उठतो आणि गाजर गवताला ऊन मिळू देत नाही. काकांच्या धुऱ्यावर आता तरोटाच आहे.

पण धोका गवतापुरता नाही, सवयींचाही आहे. रोग पुरुषांत कित्येक पट जास्त का, याचं पूर्ण उत्तर वैद्यकानं दिलेलं नाही. निंदायला तर बायाच जास्त जातात. मला वाटतं, उत्तराचा एक भाग त्यांच्या अंगावर आहे: डोक्यावरून घेतलेला पदर, त्यावर दुपट्टा, लुगड्यावर चढवलेला पुऱ्या बाह्यांचा जुना सदरा. पुरुष बनियनवर वावरात उतरतो. वाळलेलं गवतही निरुपद्रवी नसतं. केस मोडून धूळ होते आणि वाऱ्यावर येते. सुरुवातीला हा रोग हिवाळ्यात निवतो, माणसाला वाटतं बरं झालं. पुढे बारमाही होतो, आणि मग उन्हाचाही त्रास सुरू होतो. ओळख पटलेलं शरीर कधी कधी नातलगांनाही ओळखतं: शेवंती, सूर्यफूल. प्रतिकारशक्ती दाबणारी अझाथायोप्रिनसारखी औषधं आहेत, त्यांनी काकांना झोप मिळाली. पण दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागतं. त्यापेक्षा फूल येण्याआधी, हातात पिशवी चढवून उपटणं स्वस्त.

म्हणून मला नावाची एवढी ओढ. 'काँग्रेस गवत' म्हटलं की बोट जहाजाकडे जातं, करारकर्त्यांकडे जातं, सत्तर वर्षांमागं जातं. आपल्या उघड्या कोपरांकडे येत नाही. नावानं दोष सांगण्यापेक्षा धोका सांगावा.

यंदा तान्ह्या पोळ्याला काकांचा नातू लाकडी बैल सजवत होता. अंगणाच्या कोपऱ्यातली पांढरी फुलं त्याला आवडली, तो खुडायला धावला. काकांनी जागेवरून हाक मारली. मी त्यांना महिन्याभरापूर्वी सांगितलेला शब्द त्यांच्या तोंडी बसला होता.

"हात नोको लावू बापू. चटकचांदणी आये ते."

पोरानं हात मागं घेतला.